वाटांची आकृती आणि श्रमांची बचत



उत्पादन वाढवावयाचे म्हटले की नवे यंत्र, अधिक भांडवल किंवा वाढीव शेड यांचा विचार प्रथम केला जातो. आहे त्याच जागेत माल आणि माणूस दिवसभर कोणत्या वाटांनी फिरतात, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. लेथ चालू आहे की बंद, हे दुरूनही समजते. परंतु चालण्यात खर्ची पडलेला वेळ व श्रम यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती नोंद करण्याचे साधे साधन म्हणजे वाटांची आकृती होय.

एक लहानसा हिशेब पाहावा. समजा, हत्यारांची खोली यंत्रापासून ४० मीटरवर आहे आणि कामगाराला तेथे दिवसातून ३० वेळा जावे लागते. जाऊन-येऊन ही चाल २,४०० मीटर होते. कामाचे ३०० दिवस धरल्यास वर्षाला ७२० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाहूनही अधिक! एवढी वाट तुडवूनही त्यातून एकही सुटा भाग तयार झालेला नसतो.

कामाचा प्रवाह कागदावर मांडण्याच्या पद्धतीला शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्यांची कल्पना मांडली. याच संस्थेने १९४७ मध्ये पाच चिन्हे प्रमाणित केली. क्रियेसाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, खोळंब्यासाठी इंग्रजी ‘डी’ अक्षर आणि साठ्यासाठी त्रिकोण, अशी ती चिन्हे होत. कारखान्याच्या प्रमाणबद्ध नकाशावर ही चिन्हे मालाच्या वाटेने मांडली की प्रवाह-आकृती तयार होते. पाचांपैकी वर्तुळाच्या ठिकाणीच मालाचे रूप पालटते. बाण आणि खोळंबे यांच्यामुळे खर्च तेवढा वाढतो.

माणसाच्या फेऱ्या मोजण्यासाठी दोऱ्याची आकृती अधिक उपयोगी पडते. प्रथम यंत्रे, दारे, खांब व मांडण्या दाखविणारा नकाशा मोजमापाने काढून तो फळ्यावर डकवावा. कामगार जेथे जेथे थांबतो आणि जेथे वळतो, तेथे टाचण्या टोचाव्यात. प्रत्यक्ष निरीक्षण करून फेऱ्यांची क्रमवार नोंद घ्यावी आणि त्याच क्रमाने टाचण्यांभोवती दोरा फिरवावा. शेवटी वापरलेल्या दोऱ्याची लांबी मोजून नकाशाच्या प्रमाणाने गुणली की चाललेले अंतर मिळते. जेथे दोऱ्याचा दाट पट्टा दिसतो, तेथे सुधारणेला वाव असतो. त्यानंतर यंत्रांच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे नकाशावर हलवून नवी मांडणी अजमावता येते. जड यंत्र पायासह उखडण्यापेक्षा पुठ्ठा सरकविणे केव्हाही स्वस्त!

तथापि, दोऱ्याला ओझे कळत नाही. रिकाम्या हाताने टाकलेली फेरी आणि २० किलो वजनाचा ओतीव भाग उचलून केलेली फेरी नकाशावर सारखीच दिसते. यासाठी प्रत्येक फेरीतील वजनाची नोंद शेजारी करणे आवश्यक आहे. सर्वांत जवळची वाट सर्वांत योग्य असतेच असेही नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या रंगकामाच्या जागेपासून दूरच असाव्यात. आणीबाणीच्या दारासमोर माल रचून चार पावले वाचविणे म्हणजे जिवाशी खेळ होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही जाण्यायेण्याच्या वाटा अडथळ्यांपासून मुक्त ठेवण्याचे बंधन घातले होते.

या पद्धतीचे यश अखेरीस विश्वासावर अवलंबून आहे. पर्यवेक्षक हातात वही घेऊन मागे उभा राहिला की कामगाराच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून निरीक्षणाचा हेतू त्याला आधी समजावून सांगावा आणि तयार आकृती प्रथम त्यालाच दाखवावी. तो वळसा का घेतो, याचे उत्तर नकाशात नसते, त्याच्यापाशी असते. कदाचित सरळ वाटेवर तेल सांडत असेल. कदाचित ट्रॉलीचे चाक तेथे अडत असेल. वाचलेल्या प्रत्येक मिनिटावर लगेच नवे काम लादले गेले, तर पुढच्या वेळी खरी वाट कोणीही दाखविणार नाही. वाचलेल्या श्रमांचा काही वाटा विश्रांतीच्या आणि सुरक्षिततेच्या रूपाने कामगाराकडे परत गेला पाहिजे.

एक नकाशा, मूठभर टाचण्या आणि दोऱ्याची एक गुंडी एवढे भांडवल लहानात लहान कारखान्यालाही परवडण्यासारखे आहे. नवे यंत्र मागविण्यापूर्वी किंवा शेड वाढविण्यापूर्वी हा दोरा एकदा फिरवून पाहावा. अपुरी वाटणारी जागा कदाचित पुरेशी असल्याचे आढळेल आणि दिवसअखेर घरी परतणाऱ्या माणसाच्या पायांत थोडे बळ शिल्लक राहील.