शाळेच्या फळ्यावर आपला कापूस

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाचे बोलणार नाही, शाळेचे बोलणार आहे. मागच्या रांगेने उठू नये, विषय कापसाचाच आहे.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. रुईच्या उताऱ्याची गणिते परीक्षेत पैकीच्या पैकी सोडवली. पुढे गावोगाव हिंडू लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या कास्तकाराने ओंजळभर कापूस पुढे धरला आणि विचारले, "यात रुई किती, सांगा साहेब." आम्ही पुस्तकातला आकडा सांगितला. तो हसला. त्याच्या कापसाचा आकडा आम्हाला ठाऊक नव्हता. खरे तर त्यालाही नव्हता.

हे काम चौथी-पाचवीची पोरे करू शकतात. किराणा दुकानाच्या काट्यावर ३०० ग्रॅम कापूस तोलायचा, तीस पोरांत वाटायचा, हाताने सरकी काढायची आणि रुई पुन्हा तोलायची. १०० ग्रॅमच्या आसपास भरते, बाकी सरकी. शेकडेवारी तिथेच शिकवून झाली. मग दुसऱ्या घरचा कापूस, दुसरे वाण, पहिल्या वेच्याचा आणि शेवटच्या वेच्याचा. चार घरचे चार आकडे फळ्यावर आले की पोरगी घरी येऊन विचारील, "बाबा, आपलाच उतारा कमी कसा?" जिनिंगवाला उतारा पाहून भाव करतो. आपण डाग आणि ओल यावरच भांडत बसतो.

ही अक्कल आमची नाही, शेजारच्या वर्ध्याची आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला : सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, एका मूलोद्योगाभोवती. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे उद्योगाला. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ते चालवून दाखवले. सूत मोजता मोजता गणित, कापूस कुठे पिकतो यावरून भूगोल, तो विलायतेला का गेला यावरून इतिहास.

मग ते मोडले का? बऱ्याच ठिकाणी टकळीचा तास उरला, भोवतीचे गणित आणि भूगोल गळून पडले. खेड्यातले आईबाप म्हणाले, शहरातल्या पोरांना इंग्रजी आणि आमच्या पोरांना टकळी? त्यांचा संशय आम्हाला खोटा वाटत नाही. सेवाग्रामला २००५ साली आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. तिथे शेती, स्वयंपाक, सूतकताई अभ्यासातच धरतात. एकदा जाऊन पाहा.

आता कडू बोलतो. वेचणीच्या दिवसांत आपल्याच पोरी शाळेतून गायब होतात. एका गावी 'प्रकल्प' म्हणून अख्खा वर्ग कुणाच्या तरी शेतात वेचायला लावलेला आम्ही पाहिला. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. बसायला नको होते. मुलांच्या श्रमावर डोळा ठेवला जाईल, हा धोका झाकीर हुसेन समितीनेही लिहून ठेवला होता. पोर मोजते, लिहिते, विचारते तोवर ते शिक्षण. ओझे भरू लागले की मजुरी, मग ती बापाच्या शेतात का असेना.

आणि मोजलेले वहीत कोंडू नका. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की पोरांनी गावासमोर उतारा वाचावा. पावसाळ्यात सरळ काठाच्या डब्यात पाऊस मोजून रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हेही पोरांनीच आपल्याला सांगावे. आकडा चुकला तर तिथेच कुणीतरी बोलेल. बोलू द्या, पण पोरांवर ओरडू नका.

येत्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या शाळेचा उतारा लिहून आणावा. ज्या शाळेजवळ काटा नाही तिने कळवावे, आम्ही घेऊन येतो.