‘वाईट न्हाई’ म्हणजे किती चांगलं?



आमच्या नांदेडात ‘कसं काय?’ विचारलं तर ‘उत्तम’ असं उत्तर क्वचितच येतं. ‘हाय बरं’, ‘चाललंय’, ‘तसं वाईट न्हाई’ ही आमची उत्तरं. सोयाबीन जोमात असलं तरी शेतकरी म्हणणार, ‘औंदा पीक वाईट न्हाई.’ फार चांगलं म्हटलं तर दृष्ट लागेल, ही एक धास्ती. शिवाय शेजाऱ्याचं पीक गेलेलं असताना आपलं सुख मोठ्यानं सांगू नये, ही रीतही आहेच.

इंग्रजही ‘नॉट बॅड’ म्हणत पाठ थोपटतो. त्याचं ‘क्वाइट गुड’ तर आणखी अवघड. अमेरिकेत त्याचा अर्थ ‘खूपच छान’, इंग्लंडात बहुधा ‘ठीक आहे’. आपला ‘बरा’ असाच. ‘मुलगा बरा आहे’ म्हणजे चांगल्यापेक्षा थोडा कमी. पण ‘बराच’ म्हटलं की एका ‘च’नं माप वाढतं. आणि ‘चांगलाच आपटला’ यात चांगलं काहीच नसतं! आजारी म्हणवत नाही म्हणून आपण ‘बरं नाही’ म्हणतो. आंबट लागलं तरी वाढणाऱ्या वहिनींना ‘जरा आंबटसर’ म्हणतो. ‘तो काही साधा नाही’ हे कौतुक की इशारा, ते तर बोलणाऱ्याच्या भुवयांवरूनच कळतं.

माझ्या घरात दखनी बोलतात. दखनीनं मराठीतून ‘नको’ घेतला आणि त्याचा ‘नक्को’ केला. पाहुणा दोनदा ‘नक्को’ म्हणाला तरी अम्मी वाढायचीच. त्या नकारातली भूक तिला ऐकू यायची.

मला मात्र एकदा ऐकू आली नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा लातूरला बी.ए. करत होतो. काही दिवसांनी आम्ही मुलं औसा तालुक्यातल्या एका गावात नुकसानीच्या याद्या करायला गेलो. पत्र्याखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. विचारलं, ‘बाबा, नुकसान किती?’

‘फारसं न्हाई, लेकरा.’

मी वहीत तसंच लिहिलं आणि पुढं निघालो. मागून एक बाई म्हणाल्या, ‘आरं, त्यांची सून अन् दोन नातवंडं गेली की!’

मी परत फिरलो. काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, ‘समोरच्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरलं न्हाई. त्याच्या म्होरं आमचं काय सांगावं?’

मी ‘फारसं नाही’वर काट मारली आणि तीन नावं लिहून घेतली. बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी आपलं दुःख शेजाऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून मोजलं होतं. चूक माझी होती. शब्द ऐकला आणि माप विचारलंच नाही.

आपलं हे जपून बोलणं मला आवडतं. ते सोडावं असं मी म्हणणार नाही. पण दवाखान्यात, तहसिलीत, बँकेत टेबलामागं बसणाऱ्यांना एक विनंती आहे. समोरचा माणूस ‘जरा दुखतंय’, ‘थोडं कर्ज आहे’, ‘तसं काही नाही’ म्हणाला, तर लगेच लिहू नका. आणखी एकदा विचारा. घरातल्यांनाही विचारा. पहिलं उत्तर रीतीचं असतं. खरं उत्तर बहुतेक दुसरं असतं.

बरं, ‘जातो’ म्हणायची आपल्यात पद्धत नाही. येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)