बालकांचे दात आणि वडिलोपार्जित भय
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या समारंभात दातांसारख्या विषयास स्थान दिल्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु दातदुखीने रात्रभर तळमळलेल्या मुलाचे दुसऱ्या दिवशी शाळेत लक्ष लागत नाही, हे प्रत्येक मातेस ठाऊक आहे.

दंतवैद्याचे नाव काढताच मूल रडू लागते. काही मुले स्वभावतःच भित्री असतात, हे खरे. पण पुष्कळ वेळा हे भय आपण घरीच शिकवितो. 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,' असा धाक आपण घालतो. मुलांच्या देखत आपल्या दाढा काढल्याच्या कथा रंगवून सांगतो. पूर्वीच्या पिढ्यांनी बधिर न करता दात उपटून घेतले. त्यांचे भय साधार होते. मात्र १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला आणि १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन हे बधिरीकरणाचे औषध सिद्ध केले. आज सुईपूर्वी हिरडीस मलम लावून तीही जागा बधिर करता येते. काळ बदलला, भय मात्र तसेच राहिले.

'दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांना औषध कशाला?' हा समजही घातक आहे. दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. म्हणून घरची मंडळी तिला दुधाचीच समजतात. ती किडून गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. भयामुळे दिरंगाई होते, दिरंगाईमुळे कीड खोल जाते, मग उपचार अवघड होतात आणि मुलाचे भय खरे ठरते. हे चक्र आपणच तोडावयास हवे.

त्यासाठी दुखण्याची वाट पाहू नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत बालकास दंतवैद्याकडे एकदा नेऊन आणावे. ज्या भेटीत काहीच दुखत नाही, तीच भेट पुढे मुलाला धीर देते. १९५९ साली ॲडलस्टन यांनी मांडलेली 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत दंतवैद्य वापरतात: उपकरणाचे काम मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावयाचे, ते त्याच्या बोटावर दाखवावयाचे आणि मगच तोंडात वापरावयाचे. घरीही चमचा व आरसा घेऊन दात मोजण्याचा खेळ खेळता येतो.

'मुळीच दुखणार नाही,' असे वचन मात्र देऊ नये. ते खोटे ठरले, तर मूल दंतवैद्यावर आणि आपणांवरही विश्वास ठेवणार नाही. 'थोडे टोचेल, पण लवकर संपेल. नको वाटले तर हात वर कर,' असे खरे सांगावे आणि तसे करण्याची दंतवैद्यास आधीच विनंती करावी. 'मुलगा असून रडतोस?' असे हिणवू नये. शेजारच्या मुलाशी तुलनाही नको. ज्या मातापित्यांना स्वतःलाच धास्ती वाटते, त्यांनी धीराच्या मामास वा आत्यास सोबत धाडावे. कारण मूल आपल्या शब्दांआधी आपला चेहरा वाचते.

बंधुभगिनींनो, वाडवडिलांकडून घर, संस्कार आणि विद्येची आवड आपणांस मिळाली. तो ठेवा मुलांच्या स्वाधीन अवश्य करावा. परंतु हे वडिलोपार्जित भय त्यांच्या नावे करू नये. पुढील स्नेहसंमेलनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांचे दात, ते दुखत नसतानाच, एकदा तपासून घ्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.