परत आलेल्या ई-मेलचे पाकीट

पाठवलेली ई-मेल परत आली की माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो. पत्ता चुकला का? समोरच्याला आपण नकोसे झालो का? पण कधी कधी परतीच्या निरोपात असा पत्ता दिसतो, ज्यावर आपण कधी काही पाठवलेलेच नसते. मी एका नियतकालिकाला कविता पाठवली, ती अशीच भलत्या पत्त्यावरून परतली. (साभार परतीची कवीला सवय असते, पण निदान कुणीतरी वाचून परत करावी!) फोन केल्यावर उलगडा झाला. कचेरीच्या पत्त्यावर येणारी डाक संपादकांच्या खासगी पत्त्यावर आपोआप धाडली जात होती आणि अडचण त्या दुसऱ्या टप्प्यावर होती. संपादकांना याचा पत्ताच नव्हता.

असे का होते? ई-मेललाही पाकीट असते. आपल्याला पडद्यावर दिसते ते आतले पत्र. पाकिटावर 'न पोचल्यास कुणाकडे परत' हा पत्ता वेगळा असतो आणि तो यंत्रे आपापसांत वाचतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या नियमांतच ही सोय आहे. परतीचे निरोप एकमेकांना परतवत यंत्रे गरगर फिरत बसू नयेत, म्हणून अशा निरोपाच्या पाकिटावर ही जागा कोरी ठेवावी, असेही त्यांत सुचवले आहे.

पत्र पुढे धाडणारे यंत्र बहुधा पाकिटावरचा मूळ पत्ता तसाच ठेवते. म्हणून तक्रार लेखकाकडे येते आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे तो मधला अंधारात राहतो. त्यात खोट्या नावाने येणाऱ्या पत्रांना आळा घालण्यासाठी 'आमची पत्रे फक्त या यंत्रांकडूनच स्वीकारा' अशा याद्या जाहीर होऊ लागल्या. मधले यंत्र त्या यादीत नसते. मग खरे पत्रही बनावट ठरते. नोकरीचा अर्ज असेल तर?

उपाय मधल्याकडेच आहे. त्याने पाकिटावर स्वतःचा पत्ता घालावा आणि त्यात मूळ पत्ता व एक गुप्त खूण गुंफावी. पत्र परतले तर खूण पडताळून निरोप लेखकाकडे पोचवावा. ती खूण नसेल, तर कुणीही या वाटेने कचरा पाठवील. आतल्या पत्राला मात्र हात लावू नये. गझलेच्या मक्त्यात कवीचे नाव गुंफलेले असते, तशी पत्रात यंत्राची सही असते. विषयाच्या ओळीत संस्थेचे नाव घुसडले तरी ती मोडू शकते.

तुमच्याकडे असा निरोप आला तर त्यातला आकडा पाहा. ४ने सुरू होणारा असेल तर नकार तात्पुरता. यंत्र सहसा काही दिवस पुन्हा प्रयत्न करते. ५ने सुरू होत असेल तर थांबू नका, संस्थेला फोन करा आणि तो निरोप त्यांच्या दुसऱ्या पत्त्यावर अख्खा पाठवा. संस्थाचालकांनी चाचणी घेताना पत्र बाहेरच्या पत्त्यावरून पाठवावे. घरचे यंत्र घरच्या यादीत असतेच, त्यामुळे घरच्या पत्त्यावरून पाठवलेले पत्र सुखरूप पोचते आणि सगळे ठीक आहे असे वाटते.