घरातून कमाई : हातभार नव्हे, मजुरी

(स्त्रियांच्या गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजचा विषय आपल्या प्रत्येक वस्तीतल्या बैठकीत निघतो. "ताई, पोर लहान आहे, बाहेर पडता येत नाही. घरबसल्या काही काम असेल तर सांगा." पापड, लोणची, शिवण, फॉल-पिको, राख्या, शिकवणी, डबे. ही यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ती मी पुन्हा वाचत नाही. कोणते काम घ्यावे, यापेक्षा ते कोणत्या अटींवर घ्यावे, यावर मला बोलायचे आहे.

सुरुवात "घरबसल्या" या शब्दापासूनच करू. कोण बसते घरी? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होते. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. अशी कामे करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे जात होती, आणि मुळात अशी कामे करणारे पुरुष चारांत एकच होते. या पाच तासांच्या वर बाई शिवणाचे, पापडाचे, बीडीचे काम घेते. आणि त्यालाच सगळे म्हणतात, "फावल्या वेळात करते."

हा "फावला वेळ" फार महाग पडतो. काम फावल्या वेळातले म्हटले की त्याची मजुरी ठरत नाही, नुसता "हातभार" ठरतो. हातभाराला दर कोण विचारणार? माल देणाऱ्याचा मात्र यात दुहेरी फायदा. जागा आपली, वीज आपली, मशीन आपले. काम नसले तर पगार द्यायला नको. एकटीदुकटी बाई घरात, म्हणून संघटनेची भीती नाही.

यावर मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. आंध्रातल्या नरसापूर भागात घरोघर बायका क्रोशाची लेस विणतात. ती लेस परदेशी जायची, व्यापारी श्रीमंत व्हायचे. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणायच्या. पण व्यापारी, नवरे आणि त्या बायका स्वतःही त्यांना काय म्हणायचे? गृहिणी. कामगार कोणीच म्हणत नव्हते. त्या "गृहिणी" होत्या, म्हणूनच लेस इतकी स्वस्त होती.

आपल्याकडे सोलापूरच्या बीडी कामगार बायका बघा. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा. हजार बीड्यांवर मजुरी. माल पोचवला की त्यातून छाट निघणार, ती बाईच्या अंगावर. शेजारी बसून शाळेतली मुलगी पाने कापत असते. तिची मजुरी कुठेच मोजली जात नाही. मग तिची शाळा सुटते. घरातून होणाऱ्या कामाची ही बाजू आपण विसरता कामा नये.

पण याच धंद्यातून एक मोठी गोष्ट पदरात पडली. १९६६ साली बीडी कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात कच्चा माल घरी नेऊन बीडी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. मालकांनी कोर्टात भांडून पाहिले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९८५ साली याच न्यायालयाने घरी बीडी वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही मान्य केला. म्हणजे घरात केलेले काम हे कामच आहे, हे कायद्याला कळते. ते इतर धंद्यांतल्या बायकांपर्यंत का पोचू नये?

हिशोब मांडा

आता आपल्या वहीकडे येऊ. उदाहरणासाठी आकडे घेते. समजा, एक बाई परकर शिवते. नगाला ७ रुपये, दिवसाला २० नग. हातात १४० रुपये आले, ती खूश. आता खर्च काढा. दोरा-सुई १२ रुपये, वीज ६, मशीनचे तेल-दुरुस्ती ५, माल आणायला-पोचवायला २०, आणि एक नग परत आला त्याचे ७. झाले ५० रुपये. उरले ९०. मशीनवर सहा तास गेले. तासाला १५ रुपये पडले. माल आणण्यातला वेळ तर मी धरलाच नाही.

हा हिशोब नवरा मांडत नाही, मालवाला मांडत नाही. तो आपणच मांडायला हवा. आपल्या भागात त्या कामाचा किमान वेतनाचा दर काय आहे, ते कामगार कार्यालयात विचारा. नगावर मजुरी असली म्हणजे किमान वेतन लागू नाही, असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

लोणची-मसाले स्वतः करून विकणारीनेही असाच हिशोब करावा. बहुतेकजणी तेल-तिखट-मिठाचे पैसे धरतात, गॅस आणि बरण्यांचे विसरतात. स्वतःच्या मजुरीचे तर कोणीच धरत नाही. मग "नफा" म्हणून जे हातात येते ती खरी आपलीच मजुरी असते, तीही अर्धीमुर्धी.

एकटीने नको

एकटी बाई भाव मागायला गेली की दुसरी तिच्यापेक्षा कमी दरात काम उचलते. यात दुसरीचा दोष नाही, तिलाही चूल पेटवायची असते. म्हणून एकत्र यायचे.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. तिथेही बाई भिजवलेले पीठ घरी नेते, लाटते, पापड पोचवते, वजनावर मजुरी घेते. काम बाहेरून तसेच दिसते. फरक एवढाच की पीठ देणारी संस्था लाटणाऱ्या बहिणींची आहे. नफा-तोटा त्यांचा. मधला दलाल नाही.

दुसरे उदाहरण गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचे. गिरणी कामगारांना जेवण घालून त्या संसार चालवायच्या. किराणा उधार, सावकाराचे व्याज डोक्यावर. बँक म्हणायची, तारण आणा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचे दार उघडले. पण १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या, तेव्हा जेवणाऱ्यांकडेच पैसे उरले नाहीत. एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा टेकवला की काय होते, ते त्यातून शिकावे.

म्हणून प्रत्येक गटाला माझ्या काही सूचना आहेत.

१. काम मिळवण्यासाठी आधी पैसे भरू नका. "घरबसल्या महिना अमुक हजार" अशा जाहिराती पूर्वी भिंतींवर असायच्या, आता मोबाइलवर येतात. अनामत रक्कम मागणारा बहुतेक वेळा काम देत नाही, रक्कम घेऊन पसार होतो.

२. माल किती घेतला, किती दिला, दर काय, परत किती आला, हे तारीखवार लिहा आणि समोरच्याची सही घ्या. वाद झाला तर ही वहीच आपला पुरावा.

३. एका वस्तीतल्या बायकांनी दर एकत्र ठरवावा. त्याखाली कोणी काम घेऊ नये.

४. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. नंतरचा त्रास वाचतो.

५. ई-श्रम नोंदणीत "गृहिणी" लिहू नका. जे काम करता ते लिहा.

६. पैसे आपल्या नावाच्या खात्यात, आणि खात्याचे कार्ड आपल्याच हातात.

या शेवटच्या मुद्द्यावर घराघरात भांडण होते, मला ठाऊक आहे. "घर माझे, वीज माझी, मग पैसे कोणाचे?" १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे चौदावे कलम सांगते की हिंदू स्त्रीने स्वतःच्या कसबाने आणि कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. संसारात खर्च करायचे की नाही ते तिने ठरवावे. तिच्याकडून काढून घेणे वेगळे आणि तिने देणे वेगळे.

एक प्रश्न मात्र आपण विचारत राहिला पाहिजे. बाई घरातून काम करते ती आवडीने की नाइलाजाने? तान्ह्या बाळाजवळ राहावेसे वाटणे ही आवड झाली. वस्तीत पाळणाघर नाही, रात्रीचा रस्ता सुरक्षित नाही, सासरची परवानगी नाही, हा नाइलाज झाला. घरात काम आणून दिले की हे सगळे प्रश्न सुटले असे समजू नका. ते आणखी झाकले जातात. म्हणून पाळणाघराची मागणी आणि दराची मागणी एकाच निवेदनात असली पाहिजे.

एला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली "श्रमशक्ती" अहवालात या बायकांचे कष्ट देशासमोर मांडले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक त्यांना मिळावी, असे तो म्हणतो. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. ही मागणी आपल्या प्रत्येक मोर्च्याच्या पत्रकात यायला हवी.

आज घरी गेल्यावर एक करा. शंभर पानी वही घ्या आणि आठवडाभर लिहा. किती तास, किती नग, किती खर्च, हातात किती. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या एकत्र उघडू, आणि मग दर ठरवायला मिळूनच जाऊ.