ती फाईल उघडू नका

म्हसवड असो की दहिवडी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी 'पीएम किसान' नावाची फाईल येऊन पडते. पाठवणारा ओळखीचाच असतो, म्हणून तर माणूस फसतो! बऱ्याचदा त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' दिसलं, की समजा हे योजनेचं पत्रक नव्हे, ॲप आहे. ते फोनमध्ये घेतलं, परवानग्या दिल्या, की बँकेचा ओटीपीसुद्धा परका वाचू शकतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या नावानंही २०२५ मध्ये बनावट संकेतस्थळं निघाली होती. पीएम किसानचा खरा पत्ता पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. बाकी सगळी सोंगं.

अशी फाईल आली, तर ती नुसती डिलीट करून भागत नाही. मेसेजवर बोट दाबून धरा, 'रिपोर्ट' निवडा, ॲडमिनलाही कळवा. पैसे गेले नसतील, तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत तक्रार नोंदवा. गेले असतील, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येते.