आपल्या गावाची ऊर्जा आधी आपण मोजू

(किनवट तालुक्यातल्या वनगावांच्या विद्यार्थी-पालक बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. बैठकीला जे आले नाहीत त्यांना गावात मोठ्यानं वाचून दाखवावं.)



राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेनं २०१२ आणि २०१३ या दोन्ही सालांसाठी ऊर्जा हा विषय दिला. दहा ते सतरा वर्षांच्या पोरांनी गट करायचा, आपल्या भागातला एक प्रश्न धरायचा, स्वतः शोध घ्यायचा आणि लोकांपुढं मांडायचा. आपली पोरं यात उतरताहेत, चांगलं आहे. मघाशी एका पोरीनं विचारलं, "पर्यायी ऊर्जेवर प्रकल्प करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" त्याच्यावरच बोलतो.

पुस्तकातली पवनचक्की पुठ्ठ्यावर काढली तर चित्र होईल, शोध होणार नाही. पर्याय म्हणताय, तर कशाला पर्याय? आज आपल्या घरात काय जळतं ते आधी सांगा. खालच्या अंगाला लातूरकडं जंगल नाही, तिथं तुराट्या जळतात, पळाट्या जळतात. आपल्याकडं मोळी जळते. दिव्याला रेशनचं रॉकेल असायचं. तर वही घ्या आणि दहा घरं निवडा. गोंडांची घ्या, आंधांची घ्या, कोलामांच्या पोडावरची घ्या. सात दिवस रोज चुलीत घालायच्या आधी लाकूड काट्यावर तोला. मोळीला कोण गेलं, किती वाजता गेलं, किती वाजता आलं ते लिहा. रॉकेल महिन्याला किती मिळालं आणि बाहेरून किती घेतलं ते लिहा. एवढं केलं तरी तुमच्या गावाचा हिशेब तयार झाला. तो कुठल्याच कचेरीत नाही.

आता पर्याय बघू. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा : आपल्या गावात हे चालेल का, आणि त्याचा बोजा कुणावर पडेल?

गोबरगॅस घ्या. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरचा लागतो. त्याला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी. आपली गुरं दिवसभर रानात चरतात, निम्मं शेण रानातच पडतं, गोठ्यात रात्रीचंच मिळतं. आणि पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन हंडे. चैत्र-वैशाखात ते तीन हंडे कोण आणणार? माय आणणार, नाहीतर पोरगी. म्हणजे मोळी उतरली आणि हंडा चढला. विहीर गोठ्याजवळ असेल तिथं गोबरगॅस सोन्यासारखा. मळी शेताला खत म्हणून जाते ते वेगळंच. पण विहीर लांब असेल तर तसं लिहा. 'चालणार नाही' हेसुद्धा शोधाचं उत्तर असतं.

ओढ्याचं पाणी घ्या. हे मोजणं अगदी सोपं आहे. धार पन्हळीनं दोनशे लिटरच्या पिंपात सोडा आणि किती सेकंदांत भरतो ते बघा. वीस सेकंदांत भरला तर सेकंदाला दहा लिटर झालं. पाणी किती उंचीवरून पडतं ते दोरीनं मोजा. समजा पाच मीटर, म्हणजे तीन पुरुष. दहा गुणिले पाच, पन्नास. वाया जाणारं जमेला धरून त्याला पुन्हा पाचानं गुणायचं. अडीचशे वॅट झाले. अकरा वॅटचे वीस-बावीस दिवे. आता हीच मोजणी श्रावणात करा, दिवाळीला करा आणि होळीला करा. आपले ओढे होळीपर्यंत आटतात. मग सात महिने पाण्यावर आणि पाच महिने उन्हावर चालेल का, ते मांडा. उन्हाळ्यात ऊन तर आपल्याकडं कुणाच्याही वाट्याला भरपूर.

हे आदिवासी गावानं करून दाखवलेलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथं उदई नदीवर नऊएक मीटरचा धबधबा. नर्मदेच्या आंदोलनातल्या लोकांनी केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या इंजिनियर पोरांना बोलावलं. गावानं श्रमदान केलं, दगड वाहिले, बांध घातला, आणि जानेवारी २००३ मध्ये पंधरा किलोवॅटची वीज सुरू झाली. पाड्यापाड्यात दिवे लागले, जीवनशाळेत लागले. 'स्वदेस' सिनेमा पाहिलाय ना तुम्ही? त्यातल्या विजेच्या गोष्टीमागं हेच काम आहे.

मग पुढं काय झालं? २००६ च्या पावसाळ्यात, सरदार सरोवराची उंची वाढल्यावर, हे केंद्र पाण्यात गेलं. यंत्र बिघडलं नव्हतं आणि गावानं सोडूनही दिलं नव्हतं. मोठ्या धरणाच्या पाण्यानं गावाची लहान वीज बुडवली. हे पोरांनी नीट लक्षात ठेवावं, कारण आपल्या उशालाही पैनगंगा आहे. निम्न पैनगंगा धरण १९९७ मध्ये कागदावर आलं. यवतमाळची गावं आणि आपली किनवट-माहूरची गावं त्याच्या बुडिताच्या यादीत आहेत. ज्या ओढ्यावर तुम्ही पिंप लावाल, तो ओढा त्या नकाशात कुठं येतो तेसुद्धा प्रकल्पात लिहा.

आता सीमेपलीकडं बघा. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात जैनूरजवळ पॉवरगुडा नावाचं गोंडांचं गाव आहे. तिथल्या बायांच्या गटानं करंज लावला, बियांचं तेल काढायला घाणा बसवला. हे तेल डिझेलच्या जागी चालतं, म्हणून हवेत जाणारा धूर तेवढा वाचतो. त्या वाचलेल्या धुराचे २००३ साली जागतिक बँकेनं या बायांना ६४५ डॉलर दिले. तेव्हाचे तीसएक हजार रुपये. रक्कम लहान आहे, पण पैसे बायांच्या गटाच्या हातात आले. करंज आपल्याही ओढ्याकाठी आहे. झाडं किती, बी किती पडतं, व्यापारी काय भावानं नेतो, हा एका गटाचा चांगला प्रकल्प होईल.

आणि आता कायदा. पोरांनो, ऊर्जेच्या प्रकल्पात कायदा कशाला असं कुणी म्हणेल. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या वाचा. त्यात झुडपी लाकूड आहे, खुंट आहेत. म्हणजे तुमची माय जी मोळी आणते ती चोरी नव्हे. नाकेदारानं अडवलं तर हे त्याला सांगता आलं पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये गावासाठी वनजमीन द्यायच्या तेरा सोयी आहेत : शाळा, दवाखाना, तळं, रस्ता, विजेच्या तारा, आणि अपारंपरिक ऊर्जासुद्धा. अटी दोन. एका सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. ग्रामसभेची शिफारस नसेल तर ही जमीन देता येत नाही. या सोयी सरकारनं चालवायच्या आहेत, म्हणून ठरावातच लिहून घ्या की वीज आधी गावाला. उद्या कुणी सोलरच्या नावानं आपल्या कसत्या जमिनीवर खांब ठोकायला आलं, तर तेव्हाही हेच विचारायचं : जागा किती, वीज कुणाची, ग्रामसभेचा ठराव कुठं आहे?

म्हणून माझं मागणं एवढंच. पोरांनी आपली मांडणी जिल्ह्याला नेण्याआधी गावात करावी. ग्रामसभेत, बाया हजर असताना, आपल्या बोलीत. ज्या घरांची मोळी तोलली त्या घरच्यांनी आकडे तपासावेत. म्हाताऱ्यांनी सांगावं की हा ओढा पूर्वी कधी आटायचा. मग वहीची एक प्रत शाळेत आणि एक वनहक्क समितीच्या पेटीत ठेवावी. नंबर आला तर पेढे वाटू. नाही आला तरी गावाचं मोजमाप गावात राहील. पुढच्या वेळी साहेब म्हणाले की इथं काही नाही, तर आपण वही उघडू.

दिवाळीच्या सुट्टीत पहिली मोजणी करा. काटा आणि पिंप गावानं द्यावा.

जल, जंगल, जमीन आपली! जिंदाबाद!